गळ्यावरची रेघ

लखनौत वाकड्या चोचीचं जे काही उडतं ते सगळं बाज. घार बाज, शिक्रा बाज, कापशी बाज. कटलेला पतंग लांबून खाली येताना दिसला तरी आमच्या इंदिरा नगरात कुणीतरी बोट दाखवून "देखो देखो, बाज!" म्हणेल. ज्याला रोज सकाळी घरोघर दूध घालायचंय त्यानं म्हटलं तर माझी काही तक्रार नाही, त्याला दुसरी कामं आहेत. पण दर रविवारी गळ्यात दुर्बिणी अडकवून, खिसेच खिसे असलेली खाकी जाकिटं चढवून कुकरैलच्या जंगलात शिरणाऱ्या मंडळींनी तरी नीट नाव घ्यावं की नाही? तेही बाजच म्हणतात. फक्त फोटो काढून झाल्यावर म्हणतात, एवढाच काय तो फरक.

ही मंडळी म्हणजे आमचा रविवारचा पक्षी बघणारा गट. आमचा म्हणायचा तो माझ्या नवऱ्यामुळे. हे इथल्या एका संशोधन संस्थेत वनस्पतींवर काम करायला आले तेव्हा आमचं नवं लग्न झालेलं. दोन-तीन वर्षांत परत जाऊ, असं म्हणता म्हणता हे निवृत्त झाले, मुलगा बंगळुरात गेला, आणि आम्ही आहोत तिथंच आहोत. मुलाशी मी फोनवर मराठीत बोलते आणि तो "हाँ आई, ठीक है, हाँ" म्हणतो. असो, तो विषय काढला की माझं डोकं फिरतं.

ह्यांचा पोटापाण्याचा विषय वनस्पती, पण जिवाचा विषय पक्षी. त्यातही शिकारी पक्षी, आणि त्यातही झाडीत लपूनछपून राहणारे ते छोटे ससाणे. माणूस पाटणकडचा, कोयनेच्या रानात वाढलेला. त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट पाटणपेक्षा थोडी कमी. इथला पाऊस कमी, इथली भाकरी भाकरीच नाही, दशहरी आंब्याला हे "गोड काकडी" म्हणतात, तेही दशहरी जिथली त्या मलिहाबादच्या माणसाच्या तोंडावर. आणि इथलं जंगल म्हणजे तर काय, रांगेत लावलेली झाडं! सागवान, शिसव, निलगिरी, सगळी शाळेच्या प्रार्थनेला उभी केल्यासारखी. तरीही दर रविवारी जायचं तिथंच.

मी कोल्हापूरची. मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. पक्ष्यांची मला मुळीच आवड नव्हती. पण लग्नानंतर पहिल्याच थंडीत ह्यांनी मला धुक्यात उभं केलं, दुर्बीण हातात दिली, आणि मी एका पक्ष्याला शिक्रा म्हटलं तर "अगं, पावशा आहे तो" म्हणून हसले. पावशा दिसायला अगदी शिक्र्यासारखा असतो, भल्याभल्यांना फसवतो. पण मला कुणी हसलेलं खपत नाही. मी पुस्तक घेतलं आणि पाठ केलं. नवऱ्याशी भांडायला दारूगोळा हवा म्हणून पक्षी शिकलेली मी जगात एकटीच असेन.

आता डोळ्यांचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मागच्या पावसाळ्यात ह्यांचा चहा कपाबाहेर जायला लागला. मग पेपरातल्या ओळी वाकड्या दिसायला लागल्या. डॉक्टरांनी पडद्याचे फोटो काढले, इंजेक्शनं दिली, आणि सांगितलं की जे गेलं ते परत यायचं नाही. मधलं दिसणं जाणार, कडेकडेचं राहणार. म्हणजे समोर माणूस आला तर त्याचे खांदे दिसतील, चाल दिसेल, चेहऱ्याच्या जागी मात्र धुरकट डाग. मी म्हटलं, "चला, निदान माझं तोंड तरी बघावं लागणार नाही." हे हसले. दवाखान्यातून बाहेर पडेपर्यंत हसत होते. मग रस्त्यावर थांबून म्हणाले, "रविवारच्या लोकांना सांगू नकोस."

ह्या माणसानं माझ्याकडे आयुष्यात फार कमी मागितलंय. कारण मला विचारावं लागलं नाही. निवृत्त झाल्यापासून रविवार हेच ह्यांचं ऑफिस. इतर दिवशी खुर्चीत बसून कुकरच्या शिट्ट्या ऐकतात, रविवारी मात्र पहाटे उठून दाढी, बुटांना पॉलिश, मफलरला नीट गाठ. तिथं हे "सर" असतात. कुणाला कळलं असतं तर ती मंडळी काही वाईट वागली नसती, उलट फार चांगली वागली असती, आणि तेच नको होतं. लखनौची अदब मला चांगली माहीत आहे. "सर, आप गाड़ी में आराम से बैठिए, हम फोटो लाकर दिखा देंगे." फोटो! ज्याला मधलं दिसत नाही त्याला फोटो दाखवणार. एवढं एकदा झालं असतं की हे पुढच्या रविवारी उठले नसते, आणि त्यानंतर कुठल्याच वारी उठले नसते. मी शब्द दिला.

आता शिक्रा आणि बेसरा. ज्याला ह्यातलं काही माहीत नाही त्यानं एवढंच लक्षात ठेवावं: दोघंही कबुतराएवढे, दोघांच्या पोटावर तांबूस आडवे पट्टे, दोघंही झाडीतून सुर्रकन जाऊन पाखरू उचलणारे. शिक्रा सगळीकडे असतो. आमच्या समोरच्या कडुनिंबावर असतो, पाण्याच्या टाकीवर असतो, आलमबागच्या बसस्टँडच्या पत्र्यावरसुद्धा मी बघितलाय. खारी, सरडे, साळुंक्या, जे मिळेल ते खातो आणि खूष असतो. बेसरा तसा नाही. तो दाट, ओलसर, डोंगरी रानाचा. सह्याद्रीत असतो, हिमालयाच्या पायथ्याला असतो. थंडीत एखादा चुकूनमाकून मैदानात उतरतो म्हणतात, पण लखनौत बेसरा दिसला म्हणणाऱ्याकडे जाणती माणसं जरा संशयानं बघतात. पाठ जास्त काळपट, पाय काडीसारखे लांब, आणि गळ्यावर मधोमध ठळक काळी उभी रेघ. शिक्र्यालाही रेघ असते, पण पुसट, असून नसल्यासारखी. सगळी गंमत त्या रेघेत आहे. आणि नेमकी तीच, बरोबर मध्ये असलेली बारीक गोष्ट, आमच्या ह्यांना दिसेनाशी झालेली.

ह्याच अवधच्या मातीत जुन्या काळी शिकारीसाठी ससाणे पाळणारे लोक होते. ते शिक्र्याची मादी वेगळ्या नावानं ओळखायचे आणि नर वेगळ्या. मादी शिक्रा, नर चिपक. इतकं बारीक बघायचे. आणि त्यांच्या गावात आज तोफेएवढी लेन्स घेतलेला माणूस विचारतो, "सर, ये वाला बाज मेल है कि फ़ीमेल?"

तो तोफवाला म्हणजे आमच्या गटातले बँकेतून निवृत्त झालेले साहेब. त्यांचं नाव घेत नाही, तोफवाले पुरे. माणूस वाईट नाही, फक्त डोळ्यांनी बघत नाही. आधी फोटो, मग स्क्रीनवर मोठं करून बघणार, मग सरांना विचारणार, मग ग्रुपवर टाकणार, मग त्यावर किती अंगठे आले ते मोजणार. तोवर पक्षी कानपूरला पोचलेला असतो. तोफवाल्यांच्या दृष्टीनं पक्ष्यांच्या दोनच जाती: रेअर आणि कॉमन. कॉमन असेल तर कॅमेरा खाली. शिक्रा म्हटलं की "अरे, शिकरा," आणि चेहरा असा, की कुणी पंगतीत नुसतं मीठ वाढून पुढं गेलंय.

तर नोव्हेंबरातला एक रविवार. कुकरैलमध्ये नाल्याच्या कडेला आम्ही दहा-बारा जण उभे. हलकं धुकं होतं. शिसवाच्या फांदीवर काहीतरी येऊन बसलं, आणि आमचे हे, हात वर करून, अगदी जुन्या आवाजात म्हणाले, "बेसरा!"

  "गला देखिए," हे म्हणाले, "गले पर काली लकीर होगी." आणि स्वतः बघत होते शेजारच्या झाडाकडे. ते डोळ्यांचं तसंच झालंय आता. सरळ बघितलं की काही दिसत नाही, म्हणून मान जरा बाजूला करून कडेनं बघतात. लोकांना वाटतं, सर आणखी काहीतरी शोधतायत. तोफ धडाधड चालू झाली. तोफवाल्यांनी स्क्रीन मोठी केली, "है सर! लकीर है!" म्हणाले आणि अंगठा फोनकडे वळला. एकदा तो फोटो ह्यांच्या नावासकट ग्रुपवर गेला असता, तिथून दुसऱ्या शहरांतल्या ग्रुपवर, तर संध्याकाळपर्यंत कुठल्यातरी जाणत्या माणसानं लिहिलं असतं, की ज्यांनी हा बेसरा सांगितला त्यांनी चष्मा बदलावा.

मी दुर्बीण लावली. शिक्र्याचं यंदाचं पिल्लू! पाठ तपकिरी, छातीवर थेंबथेंब तपकिरी ठिपके, गळ्यावर रेघ आहे, पण दोऱ्याएवढी. पिल्लाची रेघ थोडी उठून दिसते, तिथंच लोक फसतात. शाळेतल्या पोरीसुद्धा फसल्या नसत्या, मी शिकवलेल्या तरी.

मी आवाज चढवला आणि तिथं कुणाला न कळणाऱ्या खणखणीत मराठीत सुरू झाले, "अहो, मफलर कसा बांधलाय तो! आपल्या दारच्या कडुनिंबावरचा आहे तो! यंदाचं पोर आहे! पाठ तपकिरी, छातीवर थेंब, रेघ दोऱ्याएवढी! घसा धरला तर मला सांगू नका मग!"

मंडळी हसली. भाभीजी सरांना रागावतायत, हे त्यांना नवीन नाही.  आमचे हे मफलर सोडून पुन्हा बांधत शांतपणे म्हणाले, "अच्छा, तो बताइए, किस-किसने मान लिया कि बेसरा है?" सगळे एकमेकांकडे बघायला लागले. "मैंने कहा और आपने मान लिया? छाती देखी? पीठ का रंग देखा?" आणि मग पिल्लू शिक्रा कसा ओळखायचा ह्यावर झाडाखाली उभं राहून तास घेतला. "वाह सर, क्या परीक्षा ली!" तोफवाले म्हणाले. त्यांनी पाच मिनिटांपूर्वी लकीर शपथेवर बघितली होती. वाह वाह करायला त्यांचं काय जातं.

घरी येताना ई-रिक्षात मी तोंड सोडलं. "लखनौत बेसरा? तुम्ही? जन्मभर दुसऱ्यांना शिकवलंत, आधी जागा बघा, मग पक्षी बघा. लावलेल्या शिसवात, नाल्याच्या वासात बेसरा?"

"कडेनं काहीतरी काळपट सरकलं," हे म्हणाले. "धुकं होतं, झाडी होती, खाली पाणी वाहत होतं. मला वाटलं, आपलं पाटणचं रान आहे."

ही चूक आमच्याच लोकांनी करावी. इथं राहिलेल्या प्रत्येक मराठी माणसाला हा रोग आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला छावणीतल्या फौजी अधिकाऱ्यांच्या बायका येतात. एकीला गोमतीचा काठ डेक्कनसारखा वाटतो, दुसरीला सरोजिनी नगरच्या पुढची एक टेकाडवजा उंची बघून सिंहगड आठवतो. जे समोर आहे ते कुणी बघतच नाही. जे सोडून आलो ते त्याच्यावर चिकटवायचं आणि उसासे टाकायचे. मला ह्याचा भयंकर तिटकारा आहे, आणि नवराच असा निघाला की सांगायचं कुणाला! मी तसं म्हटलंही. ह्यांनी ऐकून घेतलं. "तू आज नसतीस तर माझी लाज गेली असती," एवढंच बोलले. मी म्हटलं, "उतरा आता, घर आलं."

त्या रविवारपासून आमची पद्धत ठरली. कुणी ठरवली नाही, पडली. मी ह्यांच्या डाव्या हाताला उभी राहायची, पक्षी बघायची आणि ह्यांना रागवायची. "किती वेळा सांगितलं, शेपटीवर चार पट्टे, चार! स्वेटरचं बटण लावा! डोळा लाल आहे, लाल! पाठ राखी!" की हे मान डोलवून गटाला सांगणार, "नर शिकरा. आँख देखिए, लाल." मधेच मी खरंही रागवून घ्यायचे, तेवढ्यात तेवढं. क्रमही ह्यांनीच घालून दिलेला: आधी शेपूट, मग पोट, मग पाय, आणि गळा सगळ्यांत शेवटी. आधी गळा बघणारा माणूस त्याला जे हवंय तेच बघतो, असं ह्यांचं म्हणणं. आवाज ह्यांना अजून चांगले ओळखता यायचे. शिक्र्याची दोन सुरांची हाक आणि कोतवाल पक्ष्यानं केलेली तिची नक्कल ह्यातला फरक मला अजून कळत नाही, ह्यांना झोपेतही कळेल. तिथं मी गप्प बसायचे.

गटात काय बोललं जायचं ते मला कळत होतं. "भाभीजी सर को बहुत डाँटती हैं, यार." एक डेंटिस्ट बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "दीदी, सबके सामने मत बोला कीजिए, सर कितने सीधे हैं." मी म्हटलं, "हाँ हाँ, बहुत सीधे हैं." तोफवाले तर ह्यांच्या नजरेवर लट्टू. "इस उमर में क्या नज़र है सर की!" माझ्याकडे वळून म्हणाले, "भाभीजी, साथ रहते-रहते थोड़ा-बहुत तो आपको भी आ गया होगा." हो बाबा, थोडंबहुत आलं. पोहे आण, थर्मास आण, आणि थोडंबहुत आलं.

डिसेंबरात ह्यांच्या कडेच्या दिसण्यावरही थोडी सावली आली. बोलले नाहीत, जिना उतरताना माझा खांदा धरला त्यावरून मला कळलं. आता संध्याकाळी मीच वाचून दाखवायची. एकदा मोबाईलवर वाचलं, की शास्त्रज्ञांनी जनुकं तपासून ह्या ससाण्यांची जुनी ॲक्सिपिटर प्रजाती फोडली, शिक्रा आणि बेसरा दोघांना उचलून नव्या नावाच्या प्रजातीत टाकलं. म्हणजे पक्षी आपला फांदीवर होता तिथंच बसलाय, आणि त्या लोकांनी बसल्याजागी त्याचं आडनाव बदललं. मला ह्या नावं बदलणाऱ्यांचा संताप येतो. जन्मभर माणसानं एक पाठ करावं आणि म्हातारपणी त्यांनी यावं, की नाही हो, रक्त वेगळंच सांगतंय. मी म्हटलं, "चला मग, रविवारी कुकरैलला सुई घेऊन जाऊ, एकेकाचं रक्त काढू." हे हसले नाहीत. "बरोबरच आहे त्यांचं," म्हणाले. "रेघ बघून ओळखायचे दिवस गेले."  मला तो आवाज आवडला नाही.

त्यानंतर हे रविवारी जास्त जपून बोलायला लागले. मी सांगितलेल्यातलं थोडं गाळायचे. खात्रीचं असलं तरी "शायद" लावायचे. स्वतःवरचा विश्वास असा हळूहळू झिजतो ते मी समोर बघत होते, आणि माझ्याकडे रागवण्यापलीकडे औषध नव्हतं.

मग तो जानेवारीतला रविवार. धुकं असं, की पुढच्या माणसाची माकडटोपी तेवढी दिसावी. तोफवाल्यांची लेन्स सारखी धुरकटत होती आणि ते रुमालानं पुसत थंडीला शिव्या देत होते. नाल्यापलीकडे जुन्या अर्जुनवृक्षांची दाटी आहे, खाली बोरीबाभळीचं रान माजलेलं. तिथं सहसा कुणी थांबत नाही, पाय भिजतात. आम्ही मागे राहिलो होतो, कारण हे सावकाश चालतात. ऊन नुकतं झिरपायला लागलं होतं, आणि खालच्या फांदीवर, सावलीत, तो बसला होता.

मी सवयीनं सुरू केलं. "कितीदा सांगितलं, सांभाळून पाय टाका! शेपटीवर पट्टे, चांगले रुंद, काळे. पोटावर तांबूस आडवे, जाड आहेत." मग पायांकडे आले. काडीसारखे लांब. मी थांबले. पाठ काळपट, जवळजवळ पाटीसारखी. मग दुर्बीण वर नेली, शेवटी, ह्यांनी शिकवल्या क्रमानं.

गळा पांढरा, आणि मधोमध वरपासून खालपर्यंत रेघ. काळी, जाड, ब्रशनं एकदाच ओढलेली. शंकेला जागाच नाही.

माझा आवाज बदलला, आणि घोटाळा तिथंच झाला. रागवायचं राहूनच गेलं. मी हळू, अगदी हळू म्हटलं, "अहो. बेसरा आहे हो."

ह्यांनी माझ्याकडे तोंड केलं. एवढ्या वर्षांत मी ह्यांच्याशी अशा आवाजात किती वेळा बोलले असेन? मुलगा झाला तेव्हा कदाचित. ह्यांचा चेहरा कडक झाला. "नको," म्हणाले.

"काय नको?"

"माझं मन राखू नकोस. सगळं कर, हे करू नकोस. मी त्या दिवशी चुकलो होतो, ते मला मान्य आहे. आता तू मला बेसरा दाखवू नकोस."

मला असा राग आला! इतका खरा राग मला कित्येक महिन्यांत आला नव्हता. "मन राखू? मी? कोल्हापूरची मी, तुमचं मन राखायला बसलेय इथं चिखलात? एवढा संसार झाला, मी तुमची एक तरी खोटी स्तुती केलीय का? आठवा! एक तरी!"

हे खरंच आठवायला लागले. धुक्यात, मान तिरपी करून, अगदी प्रामाणिकपणे. मग म्हणाले, "खोटी राहू दे, खरीही नाही केलीस."

"मग झालं तर!"

ह्यांच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट बदलत गेली. आधी कपाळ, मग ओठ. "रेघ?" म्हणाले.

"ठळक. ब्रशनं ओढल्यासारखी."

"पाय?"

"काडीसारखे. तुमच्या पाटणचाच आहे, काळाकुट्ट, आखडू, अगदी तुमच्यासारखा. पुरे?"

माझ्या ओरडण्यानं पुढची मंडळी थांबली होती. तोफवाले लेन्स पुसत मागे आले. "क्या है सर? कुछ रेअर?" सगळ्या माकडटोप्या आमच्याकडे वळल्या. ह्यांच्या तोंडून आता एक शब्द निघाला असता, की दहा कॅमेरे त्या फांदीखाली शिरले असते, आणि महिनाभर शहरातल्या सगळ्या तोफा त्या नाल्यात. पण ह्यांची लाज, ह्यांचं नाव, त्या नोव्हेंबरची भरपाई, सगळं त्या एका शब्दात होतं. मी ह्यांच्याकडे बघत होते. बोलायचं ह्यांनीच होतं.

"शिकरा," हे म्हणाले. "आगे चलिए, आगे धूप है."

"अरे, शिकरा," तोफवाले म्हणाले, आणि मंडळी पुढं गेली. डेंटिस्ट बाई जाता जाता माझ्याकडे बघून मान हलवत होत्या. बुटांचे आवाज लांब गेले, मग ऐकू येईनासे झाले.

"कुठंय?" हे म्हणाले. "दाखव मला."

मी मागं उभी राहिले, ह्यांची हनुवटी धरली आणि मान थोडी उजवीकडे वळवली. मग आठवलं की सरळ बघून ह्यांना दिसत नाही, म्हणून परत थोडी डावीकडे केली. थंडीनं ह्यांचे गाल गार पडले होते, पण दाढी गुळगुळीत होती. "खालची फांदी," मी म्हटलं, "खोडापासून हातभर." आणि वर बघितलं. फांदी रिकामी होती. नुसती हलत होती. मी ओरडले तेव्हाच उडाला असेल, नाहीतर मान वळवताना.

हे श्वास रोखून बघत होते.

"दिसला," म्हणाले. "अगं, दिसला. केवढी रेघ आहे!"

"हो," मी म्हटलं. "केवढी आहे."